दहा पावलांवरचा ड्रम

कॉलेजच्या खो-खो मैदानावर एक पद्धत होती आणि ती रामाजीनं पाडली होती. सामना जिंकला की पोत्यात उरलेली फक्की तो मुठीमुठीनं वर उधळायचा. फक्की म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी. गुलालासाठी कॉलेज पैसे देत नाही, मग माणूस करणार काय? पोरी डोकी पांढरी करून घरी जायच्या, आया बोलणी द्यायच्या, आणि पुढच्या वर्षी जिंकल्या की पुन्हा तेच. रामाजी मैदानाचा माणूस. वीस वर्षं त्यानं त्या मातीवर पाणी मारलं, रोलर ओढला, आणि दोरी न लावता रेष काढली तरी ती सरळच यायची. पगार ठेकेदाराकडून होता, म्हणजे आला तर आला.

गोपिका तिथल्या पोरींच्या संघाची कॅप्टन. आजोबांपर्यंत घरात हातमाग होते. बाप बाबनराव, त्यानं मागाची लाकडं विकून नागपूरच्या लकडगंजात पानठेला टाकला आणि त्याचा त्याला कधी पस्तावा झाला नाही. पोरगी पळायला चपळ, बोलायला त्याहून चपळ. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं एकदा तिच्या मनानं घेतलं की समोर कुणीही असो, ती मागे हटायची नाही. त्या स्वभावाच्या जोरावर संघानं तीन ढाली आणल्या होत्या, त्यामुळे त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी अंतिम सामना घरच्याच मैदानावर होता. शेवटच्या डावात गोपिका जवळजवळ तीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही आणि सामना तिथंच फिरला. शिट्टी वाजली तेव्हा रामाजीच्या पोत्यात फक्की उरलीच नव्हती. तो धावत कोठीत गेला. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती यायची होती म्हणून भिंती रंगवणं चाललं होतं, आणि रंगकाम करणाऱ्यानं आपली चुन्याची पोती फक्कीच्या पोत्यांना लावूनच ठेवली होती. तीच पांढरी पोती, तीच सुतळी. कोठीतला दिवा महिनाभर बंद होता. रामाजी एक पोतं ओढत मधल्या रेषेवर खांबापाशी आला, दोन्ही मुठी भरल्या आणि तोंड वर करून उधळल्या. वारा त्याच्याच अंगावर होता.

तो मटकन खाली बसला तेव्हा पोरी हसल्या. त्या हसत असतानाच त्यानं चव घेतल्यासारखे ओठ हलवले आणि तो ओरडला, "चुना हाय, चुना हाय हा."

मैदानाच्या कडेला, खांबापासून दहा पावलांवर, माती भिजवायचा निळा ड्रम होता. संघातली सगळ्यात लहान खेळाडू मिनल. तिला काही सांगावं लागलं नाही. ती पळत गेली, बादली बुडवून घेऊन आली आणि रामाजीच्या तोंडावर ओतणार तोच गोपिकानं तिचं मनगट धरलं.

"पाणी नको," ती म्हणाली. "चुन्यावर पाणी पडलं की उकळते. डोळे शिजतीन त्यांचे."

हे ती उगाच बोलली नव्हती. लहानपणी घरी चुन्याचे खडे आणून माठात विरवायचे, ठेल्यासाठी. पाणी पडलं की माठ खदखदायचा, वाफ छताला लागायची, आणि एकदा ते आईच्या हातावर उडालं तेव्हा कोपरापर्यंत कातडी गेली होती. त्यावर आजीनं तेल लावलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घरात चुन्याला पाणी दाखवायचं नाही, तेल दाखवायचं. मैदानावर चुन्यातलं तिच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. मिनलनं बादली खाली ठेवली. कुणाच्या तरी बॅगेतून खोबरेल तेलाची बाटली निघाली, गोपिकानं स्वतःच्या टॉवेलनं रामाजीचे डोळे पुसले आणि दोन्हीत तेल सोडलं. रामाजीनं तिचा हात घट्ट धरला होता. "बरं केलं वं पोरी," तो म्हणत होता, "बरं केलं." संघाचे प्रशिक्षक पंकज सर, त्यांची गाडी दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं लागली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि घाईत होती. सर गाडी लावायला गेले होते, रामाजीची बायको इंदूबाई अजून यायची होती. किती वेळ धुतले डोळे, असं डॉक्टरनं विचारलं. धुतले नाहीत म्हटल्यावर तिनं मान वर केली. मैदानावर पाणी नव्हतं का, हा तिचा पुढचा प्रश्न.

गोपिकानं चुना उकळण्याचं सांगितलं. डॉक्टर रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं.

"उकळतात ते खडे, विरवताना," ती म्हणाली. "डोळ्यात गेलेला चुना पाण्यानंच काढायचा असतो. अर्धा तास, धो धो. थोडं गरम लागलं असतं, पण वाहून गेलं असतं. तेलानं तो आत धरून ठेवला, आणि तो चाळीस मिनिटं जाळत बसला. पाणी टाकू नका असं सांगितलं कोणी?"

"माहीत नाही," गोपिका म्हणाली. "गडबड होती."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं आणि ती आत गेली. एवढंच झालं. पुढच्या दोन महिन्यांत गोपिकानं जे जे केलं ते सगळं या एका उत्तराला सांभाळण्यासाठी केलं, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं.

डावा डोळा गेला. उजव्यात आशा होती, पण ती परराज्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, साडेतीन लाखांची, आणि उन्हाळ्याच्या आत. ठेकेदार म्हणाला, रविवारी रामाजी कामावर नव्हताच, कागद बघा. कॉलेजनं सहानुभूतीचं पत्र दिलं आणि दहा हजार दिले. मग पंकज सरांनी संघाला बोलावलं आणि ठरलं, पैसे आपण उभे करायचे. मार्चमध्ये मदतीसाठी सामना ठेवायचा, नागपुरातल्या जुन्या खेळाडू बोलवायच्या, आणि तोवर डबे घेऊन फिरायचं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रामाजी एकच गोष्ट सांगायचा. डोळ्यांवर पट्टी, पाठीला उशी, आणि आवाज मात्र ठणठणीत. "गोपिकानं वाचोलं मले. त्या मिनलनं तं पाणीच आनलं होतं. पडलं असतं तं दोनी डोये गेले असते." हे तो रागानं म्हणत नसे, पोरगी लहान आहे, तिला काय कळते, असंही पुढं म्हणायचा. मिनल तिथं असली की खाली मान घालायची. तिनं एकदा गोपिकाला विचारलं, ताई, डॉक्टर काही म्हणाल्या होत्या का? गोपिका नाही म्हणाली. त्यानंतर डबा घेऊन सगळ्यात जास्त मिनल फिरली. ज्या पोरीला एकटीला सुचलं होतं तीच आपल्या चुकीचं प्रायश्चित्त घेत उन्हात उभी राहायची, आणि गोपिका तिच्या शेजारी उभी राहून ते बघायची.

मदत मागायच्या व्हिडिओचं काम संघातल्या रितिकाकडे होतं. तिला त्यातलं कळतं, सगळे म्हणायचे. तिनं रामाजीच्या खोलीतच कॅमेरा लावला, गोपिकाला त्याच्या शेजारी बसवलं आणि काय बोलायचं ते लिहून दिलं. शेवटी लोकांना काहीतरी उपयोगाचं मिळालं पाहिजे, असं रितिकाचं म्हणणं. म्हणून शेवटचं वाक्य होतं, लक्षात ठेवा, डोळ्यात चुना गेला तर पाणी टाकू नका, खोबरेल तेल टाका. गोपिका पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदाही अडखळली. तिसऱ्यांदा रामाजीनं अंदाजानं हात पुढे केला, तिच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "बोल ना वं, लाजतं काहून?" मग ती नीट बोलली.

तो व्हिडिओ इतका फिरला की चार दिवसांत ऐंशी हजार जमले. खाली एका बाईनं लिहिलं होतं, मी नर्स आहे, हे साफ चूक आहे, पाण्यानंच धुवा, कृपया हे काढून टाका. गोपिकानं ते वाचलं. ती तिथं काहीतरी लिहायला गेली, तेवढ्यात रितिकानं ते पुसून टाकलं. चांगल्या कामात खोडा घालणारे असतातच, ती म्हणाली. गोपिकाला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला नंतर लाज वाटली, पण वाटलं होतं हे खरं.

तिचा हिशेब सोपा होता. लोक पैसे रामाजीला देत होते, पण देत होते ते त्या गोष्टीपायी: हुशार कॅप्टन, वेळेवर धरलेला हात, वाचलेला म्हातारा. गोष्ट खोटी म्हटली की डबे रिकामे राहतील आणि दुसराही डोळा जाईल. आधी डोळा, मग खरं. असा हिशेब घातला की रात्री झोप यायची.

हिंगण्याला कंपनीच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळी त्या उभ्या राहिल्या तेव्हा मोटारसायकलवरचा एक कामगार गोपिकाला ओळखून थांबला. डब्यात पन्नासची नोट टाकून मागे बसलेल्याला म्हणाला, हीच ती, माझ्या घरी बायकोनं सगळ्यांना दाखवलं, आता पोरांना पाठ आहे, चुन्याला तेल. लकडगंजात तर बाबनरावानं मोबाईल ठेल्यावर टांगूनच ठेवला होता. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तो गिऱ्हाइकाला व्हिडिओ दाखवायचा आणि म्हणायचा, मी शिकवलं, माझ्या घरचं शिक्षण आहे हे. मग खर्ऱ्याबरोबर चुन्याची छोटी पुडी हातावर ठेवायचा. दिवसाला दोनशे पुड्या जायच्या.

सामन्याच्या दोन दिवस आधी ती रामाजीच्या घरी गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. लाखभर कमी होते, आणि एका कारखानदारानं ते सामन्याच्या दिवशी सगळ्यांसमोर चेकनं देतो असा शब्द दिला होता. तरी ती गेली. चपलेच्या आवाजावरूनच रामाजीनं तिला ओळखलं. इंदूबाईनं चहा ठेवला. रामाजी म्हणाला, डोळे गेल्याचं दुःख आहे, पण मनात कुणाबद्दल काळं नाही, पोतं मीच उचललं, मीच उधळलं. "दुसऱ्याच्या हातानं झालं असतं तं मले झोप नसती आली," तो म्हणाला. गोपिका चहा पिऊन परत आली. सोमवारी सांगू, तिनं ठरवलं. रविवारी चेक, सोमवारी खरं.

रविवारी मैदान भरलं होतं. कमानीवर तिचा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत प्रसंगावधान. रेषा कुणा नव्या माणसानं आखल्या होत्या आणि त्या खांबाजवळ वाकड्या गेल्या होत्या. रामाजीला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, अंगात नवा सदरा, शेजारी इंदूबाई. कारखानदार आले होते. पाहुण्यांसाठी नारळपाणी होतं आणि मंडपाच्या मागे तो निळा ड्रम होता तिथंच होता.

गोपिका पायाला पट्टी बांधत असताना एक बाई कमानीतून तिला शोधत आली. रामटेककडच्या एका गावाहून आली होती, पहाटेच्या बसनं. नाव कामिनी. कडेवर चार वर्षांची पोरगी, पोरीच्या उजव्या डोळ्यावर हिरवं कापड. बाईनं आधी कमानीवरचा फोटो बघितला, मग गोपिकाचा चेहरा, आणि तिला फार आनंद झाला.

"तुमीच ना त्या ताई," ती म्हणाली. "बरं झालं भेटल्या. पोरीनं बापाची चुन्याची पुडी दाबली, फुटली, अन् डोयात उडाली. आठ दिस झाले. सासू हंडा घेऊन धावली होती. म्या आडोलं तिले. म्हटलं, नागपूरच्या ताईनं सांगतलं हाय, पानी नाही टाकाचं. लगेच खोबरेल टाकलं, जसं तुमी सांगतलं तसंच. थेंबभर पानी लागू नाही देल्लं."

ती थांबली. पोरीच्या डोळ्यावरचं कापड तिनं थोडं वर केलं. आत जे काळं असायला हवं होतं ते दुधाळ झालं होतं.

"डॉक्टर म्हनतात, हा गेला," कामिनी म्हणाली. "पन त्याईले काय मालूम. तुमच्या रामाजीचा कसा बरा होऊन राहिला, तेवढं सांगा. किती दिस लागतात?"

गोपिकाच्या हातातली पट्टी सुटली. पोरगी तिच्याकडे बघत होती, एका डोळ्यानं, लाजत, कारण ताई मोबाईलमधली होती. आपण काय केलं हे दोन महिने तिला माहीत होतं, पण ते एका म्हाताऱ्यापुरतं होतं, आणि त्याची भरपाई आपण करतो आहोत अशी तिनं मनाची समजूत घातली होती. कुण्या गावातल्या कुण्या सासूच्या हातातला हंडाही आपणच धरला आहे, हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं. असे आणखी किती असतील, हा विचार तिनं पुढे जाऊ दिला नाही, कारण पुढे गेला असता तर ती तिथंच बसली असती.

माईक रितिकाच्या हातात होता, ती पाहुण्यांची नावं घेत होती. गोपिकानं तो काढून घेतला. पंकज सर काहीतरी म्हणाले, ते तिला ऐकू आलं नाही.

"डोळ्यात चुना गेला तर पाणी टाका," ती म्हणाली. "भरपूर टाका, अर्धा तास टाका. तेल टाकू नका. मी व्हिडिओत सांगितलं ते खोटं आहे. मले डॉक्टरनं त्याच दिवशी सांगितलं होतं, दवाखान्यात. मिनल पाणी घेऊन आली होती, मी तिचा हात धरला. रामाजीचे डोळे चुन्यानं नाही गेले, माझ्यानं गेले. हे सगळ्यांना सांगा. आजच सांगा, आता फोन करा."

फोन कुणी केले नाहीत. बऱ्याच जणांनी मोबाईल वर धरले, पण ते तिला टिपायला. मंडपाबाहेर नारळ फोडणाऱ्याचा कोयता तेवढा दोनदा वाजला. मग कारखानदार शेजारच्याशी हळू बोलले, उठले आणि गाडीकडे गेले. त्यांच्यामागून दोघे-तिघे गेले. मिनल खांबापाशी उभी होती. ती रडत नव्हती, गोपिकाकडे बघत होती, आणि ती नजर झेलण्यापेक्षा गोपिकाला मार चालला असता. कामिनीला माईकवरचं सगळं कळलं नव्हतं. तिनं बाजूच्या बाईला विचारलं, काय म्हणाली ती? बाईनं समजावून सांगितलं. कामिनीनं पोरीच्या डोळ्यावरचं कापड नीट केलं, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जवळच्या खुर्चीवर बसून राहिली. परतीची बस चारला होती.

रामाजीनं हात वर केला. गोपिका गेली आणि त्याच्या खुर्चीपाशी मातीत बसली. इंदूबाईनं पाय आखडून घेतले. गोपिकाला वाटलं, आता तो मारेल, निदान शिवी देईल, आणि तिला ते हवं होतं. पट्टीखालचा रामाजीचा चेहरा काहीतरी आठवत असल्यासारखा झाला होता, मैदान मोजताना व्हायचा तसा.

"ड्रम कुठी होता तवा?" त्यानं विचारलं. "तिथंच? खांबापाशी?"

"हो."

"किती पावलं?"

"दहा," गोपिका म्हणाली.

रामाजीनं मान हलवली. हिशेब बरोबर होता.

"भरला होता तो," तो म्हणाला. "सकायीच भरला होता मी, पार काठोकाठ."